एसपी प्लस : पायऱ्या दाखवणारा अंदाज

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे दर आठवड्याचे अंदाज सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांतला मी सगळ्यांत जास्त वापरते आणि मनापासून शिफारस करते तो बिल कॉनेली यांचा ‘एसपी प्लस’. कॉनेली २०१९ पासून ईएसपीएन या अमेरिकन क्रीडावाहिनीसाठी लिहितात. हंगाम सुरू झाला की दर आठवड्याला त्यांची सगळ्या संघांची क्रमवारी येते, येत्या शनिवारच्या सामन्यांचे अंदाज येतात, आणि मागचे अंदाज किती बसले, किती फसले याचा हिशेबही येतो. मी भुसावळला शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे परीक्षण आकड्यांच्या अंगाने जाणार. पेपर तपासताना उत्तर चुकलं तरी मी पायऱ्यांचे गुण देते, आणि उत्तर बरोबर असून पायऱ्या नसतील तर पूर्ण गुण कधीच देत नाही. अंदाज सांगणाऱ्यांनाही माझा हाच नियम आहे. एसपी प्लस त्यात चांगल्या गुणांनी पास होतो.

या खेळाशी माझा संबंध आला तो लेकीमुळे. ती इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकते. पर्ड्यूच्या खेळाडूंना ‘बॉयलरमेकर्स’ म्हणतात, आणि त्यांचं बोधचिन्ह आहे चक्क रेल्वेचं इंजिन. ट्रकच्या सांगाड्यावर जुन्या वाफेच्या इंजिनाचं रूप चढवलेली गाडी, शिट्टी वाजवत मैदानात येते. १८९१ साली या विद्यापीठाने अभ्यासासाठी खरंखुरं इंजिन प्रयोगशाळेत आणून उभं केलं होतं. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, वाफेच्या काळात भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते. नातीच्या कॉलेजचं इंजिन पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहाबरोबर त्यांचा एकच प्रश्न असतो, “काय वं, पोरीचं इंजिन जिकलं का हारलं?”

उत्तर बहुतेक वेळा ‘हरलं’ असंच द्यावं लागलं. २०२४ चा हंगाम पर्ड्यूसाठी फार वाईट गेला. १२ सामन्यांत एक विजय, तोही पहिल्याच सामन्यात, इंडियाना स्टेटवर ४९–०. पुढच्याच सामन्यात नोटर डेमने घरच्या मैदानावर ६६–७ असं धुतलं आणि शेवटच्या सामन्यात इंडियाना विद्यापीठाने ६६–०. अशा संघाच्या घरात चांगल्या अंदाजाची किंमत जास्त कळते. सामना हरणार हे तर ठरलेलंच असतं. मग बघायचं काय? किती गुणांनी हरणं अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात पोरं कशी खेळली, हे. नुसतं जय-पराजय सांगणारा अंदाज अशा वेळी निरुपयोगी ठरतो. फरक सांगणारा आकडा असेल तर हरलेल्या सामन्यातही पाहण्यासारखं पुष्कळ सापडतं.

आता हा आकडा येतो कुठून ते सांगते, कारण या सेवेचा खरा दर्जा तिथेच आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा नवे चार प्रयत्न. या प्रयत्नांना ‘डाउन’ म्हणतात. नवखा प्रेक्षक एकूण किती यार्ड मिळवले ते बघतो. एसपी प्लसच्या मुळाशी वेगळा प्रश्न आहे : प्रत्येक डाव, म्हणजे असा एकेक प्रयत्न, यशस्वी झाला की नाही? त्याची व्याख्या ठरलेली आहे. पहिल्या डाउनवर लागणाऱ्या अंतरापैकी निदान ५० टक्के, दुसऱ्यावर उरलेल्याच्या ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण १०० टक्के मिळालं तर डाव यशस्वी. म्हणजे पहिल्याच डावात ५ यार्ड मिळाले तर यश. तिसऱ्या डाउनला ८ यार्ड हवे असताना ७ मिळाले तर अपयश, जरी ७ हा ५ पेक्षा मोठा आकडा असला तरी. किती साधं आणि किती अचूक! मी हा नियम वाचला त्या दिवसापासून सामना बघायची माझी रीतच बदलली.

यशाचं हे प्रमाण झालं एक अंग. यशस्वी डाव किती लांबीचा झाला, म्हणजे एकदम ३०-४० यार्डांची मुसंडी किती वेळा मारली, हे दुसरं. चेंडू कुठल्या जागी हाती आला हे तिसरं. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ पोचल्यावर प्रत्यक्ष गुण किती घेतले हे चौथं. चेंडू गमावणं-हिसकावणं हे पाचवं, आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. हातातून सुटलेला चेंडू जमिनीवर कसा उडेल आणि कुणाच्या अंगाखाली सापडेल हे शिकवून येत नाही. म्हणून अशा नशिबावर उभा राहिलेला विजय या पद्धतीत फारसा भाव खात नाही. निकाल लागून गेल्यावरचे निवांत डावही हिशेबातून गाळतात. ५० गुणांनी पुढे असताना राखीव पोरांनी काय केलं त्यावरून संघाची ताकद ठरत नाही. शिवाय समोरचा संघ किती तगडा होता आणि सामना किती वेगाने खेळला गेला, त्याप्रमाणे सगळे आकडे जुळवून घेतले जातात.

हे शेवटचं का गरजेचं आहे ते समजून घ्या. आपल्या आयपीएलमध्ये दहा संघ आणि प्रत्येकाचे साखळीत चौदा सामने. हंगामाच्या शेवटी कोण कसं हे बऱ्यापैकी दिसतं. अमेरिकेत २०२४ साली कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत १३४ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नेहमीचे सामने फक्त १२. बहुतेक संघ एकमेकांना कधी भेटतच नाहीत. मग अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ क पेक्षा भारी, अशी साखळी जोडत बसावं लागतं आणि ती साखळी दोन आठवड्यांत स्वतःच्याच शेपटीला चावते. इतक्या थोड्या सामन्यांतून नुसते निकाल मोजून काही हाती लागत नाही. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सव्वाशे-दीडशे डाव होतात. डाव मोजले तर माहिती कित्येक पटींनी वाढते. मला या पद्धतीतला हा विचार सगळ्यांत पटला.

२०२४ च्या हंगामात या विचाराची चांगली कसोटी लागली. ७ सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉय या छोट्या संघाने नोटर डेमला त्यांच्याच मैदानावर १६–१४ असं हरवलं. नोटर डेम तब्बल चार टचडाउनांनी (चेंडू गोलरेषेपार नेला की टचडाउन, जादा किक धरून सात गुण), म्हणजे २८ च्या आसपास गुणांनी जिंकेल, असा पैजांच्या बाजाराचा होरा होता. १९३६ पासून चालत आलेली, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची, पत्रकारांच्या मतांची एपी क्रमवारी आहे. तिने नोटर डेमला पाचव्या क्रमांकावरून एकदम अठराव्यावर ढकललं आणि नॉर्दर्न इलिनॉयला यादीत घेतलं. पुढे काय झालं? नॉर्दर्न इलिनॉय आपल्या पुढच्याच सामन्यात बफेलोकडून हरले. आणि नोटर डेम त्यानंतर हरेचना, थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेले. हंगामाच्या दुसऱ्या टोकाला, ३० नोव्हेंबरला, मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्या घरी १३–१० असं हरवलं. तिथेही ओहायो स्टेट २० च्या आसपास गुणांनी वरचढ मानलं जात होतं. तेच ओहायो स्टेट २० जानेवारी २०२५ ला नोटर डेमला ३४–२३ असं हरवून विजेते झाले. म्हणजे अंतिम सामन्यातले दोन्ही संघ त्याच हंगामात आपल्यापेक्षा कितीतरी दुबळ्या मानलेल्या संघांकडून हरून आले होते. एका शनिवारच्या निकालाने जो आपली सगळी यादी उलथीपालथी करतो, त्याच्या हाती अशा हंगामात काही लागलं नसतं. एसपी प्लसमध्ये प्रत्येक सामना म्हणजे आधीच्या माहितीत पडलेली भर असते, आणि आधीची माहिती पुसली जात नाही.

५ ऑक्टोबरचा व्हँडरबिल्ट आणि अलाबामाचा सामना मात्र मला वेगळा वाटतो. अलाबामा आठवडाभरापूर्वी जॉर्जियाला ४१–३४ असं हरवून पहिल्या क्रमांकावर बसलेलं. व्हँडरबिल्टने त्यांना ४०–३५ ने पाडलं. १९८४ नंतर पहिल्यांदाच. व्हँडरबिल्टच्या गावच्या, नॅशव्हिलच्या, पोरांनी गोलचे खांब उपटले, रस्त्याने मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत सोडले. याला कुणी नुसतं नशीब म्हटलं तर मी मान्य करणार नाही. ६० मिनिटांच्या खेळात ४० मिनिटांहून जास्त वेळ चेंडू व्हँडरबिल्टकडे होता. संथ, छोटे-छोटे यशस्वी डाव, घड्याळ चालू. याने अलाबामाच्या वाट्याला येणाऱ्या संधीच कमी झाल्या. संभाव्यतेचा धडा शिकवणाऱ्याला यात नवल वाटू नये : नाणं शंभरदा उडवलं तर छाप पन्नासच्या जवळपास येतो, सहादा उडवलं तर काहीही होऊ शकतं. दुबळ्याला तगड्याला हरवायचं असेल तर नाणं कमी वेळा उडू द्यायचं. सामन्यानंतर एसपी प्लसच्या लेखनात ‘या आकडेवारीवर हा सामना शंभरात किती वेळा जिंकला असता’ असाही आकडा मिळतो. निकाल ज्याच्या त्याच्या कामगिरीवर लागला की फिरला, हे त्यावरून कळतं. सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा तेच शोधते.

पर्ड्यूचा १२ ऑक्टोबरचा इलिनॉयविरुद्धचा सामना तर आमच्या घरात कुणी विसरणार नाही. वीसहून जास्त गुणांनी हरतील असा अंदाज होता. झालंही तसंच, तिसऱ्या सत्रात ३–२७. मग ही पोरं उठली. पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणारा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चढाई चालवणारा मुख्य खेळाडू), आणि शेवटच्या मिनिटाला पर्ड्यू ४३–४० ने पुढे! इलिनॉयने बरोबरी साधली, जादा वेळात ५०–४३ केलं, पर्ड्यूने टचडाउन करून ५०–४९ केलं. आता एक गुणाची सोपी किक मारून बरोबरी करायची की दोन गुणांसाठी चेंडू आत न्यायचा? त्यांनी दोन गुणांचा डाव टाकला आणि तो फसला. लेक फोनवर रडत होती. मी तिला म्हटलं, बाळा, हरलेल्या कागदावर या सामन्याइतकं मोठं काम तुमच्या संघाने या वर्षात केलेलं नाही. वीस गुणांच्या अंदाजासमोर एका गुणाची हार. माझ्या दृष्टीने ते दोन गुणांसाठी जाणंही बरोबरच होतं. ज्याची पुढच्या फेऱ्यांत टिकायची शक्यता कमी, त्याने लवकर फैसला मागावा.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे ‘कॉलेज गेमडे’ही असतो, त्याचं बोलल्याशिवाय राहवत नाही. ईएसपीएनचा, सामन्यांआधीच्या गप्पांचा आणि अंदाजांचा, १९८७ पासूनचा कार्यक्रम, १९९३ पासून प्रत्यक्ष मैदानांवर जाऊन होणारा. तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, शेवभाजीला फोडणी बसायच्या वेळेला. मागे हजारो मुलं फलक घेऊन उभी, आणि त्यांत वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा २००३ पासून प्रत्येक ठिकाणी फडकतोच, सामना कुणाचाही असो. नानांना या कार्यक्रमातले ली कोर्सो फार आवडायचे. एकेकाळी पर्ड्यूच्या कट्टर प्रतिस्पर्धी इंडियानाचे प्रशिक्षक असूनही. १९९६ पासून कोर्सो ज्या संघाला विजेता मानतील त्याच्या बोधचिन्हाचं भलंमोठं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवत. २००९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, बोलणं अडखळू लागलं, तरी ते येत राहिले. ३० ऑगस्ट २०२५ ला, वयाच्या नव्वदीत, त्यांनी ओहायो स्टेटचं डोकं शेवटचं चढवलं आणि ओहायो स्टेटने टेक्ससला १४–७ ने हरवलं. त्या क्लिपनंतर नाना बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होते. हा कार्यक्रम बघाच, खेळावर प्रेम कसं करतात ते त्यात दिसतं. पण अंदाज म्हणून त्याला मी गुण देऊ शकत नाही. डोकं चढवलं, झालं. किती गुणांनी, किती खात्रीने, कशावरून, यातलं काही मिळत नाही.

आणि ज्यांच्यापासून मी प्रत्येकाला, खास करून आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना, दूर राहायला सांगते ते म्हणजे टेलिग्रामवर ‘८० टक्के पक्की टीप’ विकणारे. त्यांची युक्ती फळ्यावर मांडून दाखवते. १०२४ लोकांना निरोप पाठवा. निम्म्यांना सांगा अमुक जिंकेल, निम्म्यांना तमुक. ज्या ५१२ जणांना बरोबर उत्तर गेलं त्यांनाच पुढच्या आठवड्यात पुन्हा निम्मे-निम्मे. पाच आठवड्यांनी ३२ माणसं अशी उरतात की ज्यांनी सलग पाच टिपा खऱ्या ठरलेल्या डोळ्यांनी पाहिल्या. ती ३२ माणसं मग हवे तेवढे पैसे मोजतात. पाठवणाऱ्याला फुटबॉल म्हणजे काय हेही माहीत असायची गरज नाही.

खरा दर्जा काय असतो तेही सांगते. अमेरिकेत गुणांच्या फरकावर पैज लावणारा साधारणपणे १०० डॉलर जिंकायला ११० लावतो. म्हणजे नुकसान होऊ नये म्हणून ११० भागिले २१०, सुमारे ५२.४ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. वर्षानुवर्षं याच्या थोडं वर राहणंही जगातल्या हुशार लोकांना जड जातं. कॉनेली आपले टक्के उघडपणे छापतात आणि ते पन्नाशीच्या आसपासच फिरतात. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो याच कारणाने. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला, तो गावोगावच्या घरांची हालत पाहता फार गरजेचा होता. हे अंदाज अभ्यासासाठी आणि आनंदासाठी वाचायचे, पैशासाठी नाही.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. हंगामाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत यादी बरीचशी जुन्या पुंजीवर चालते : मागच्या वर्षीचे किती खेळाडू परत आले, भरती कशी झाली, गेल्या काही वर्षांत संघ कसा होता. पुढे नव्या सामन्यांचं वजन वाढत जातं, पण सप्टेंबरमधल्या आकड्यांवर मी फारसं बोलत नाही. हल्ली खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात, त्यामुळे ही पुंजी अजूनच डळमळीत झाली आहे. दुसरी तक्रार, संपूर्ण सूत्र वाचकाच्या हाती दिलेलं नाही. घटक समजावून सांगतात, पण मी वही घेऊन बसले तर तोच आकडा काढू शकत नाही. गणिताच्या शिक्षिकेला हे खुपतं आणि म्हणूनच पूर्ण गुण नाहीत. तिसरं, शनिवारी सकाळी क्वार्टरबॅक जखमी झाल्याचं कळलं किंवा वादळी पाऊस असला तर ते तुमचं तुम्हालाच धरावं लागतं. आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर शंभरावर ओळींचा तक्ता वाचताना डोळ्यांना त्रास होतो. मी सरळ शाळेच्या संगणकावर उघडते.

नव्याने बघणाऱ्यांसाठी वेळा लिहून ठेवते. तिकडच्या पूर्वेच्या वेळेप्रमाणे दुपारी बाराचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, साडेतीनचा रात्री एकला, संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग सगळं एक तास उशिरा. भरिताची वांगी बाजारात यायला लागतात तेव्हाच हंगामातले सगळ्यांत चुरशीचे सामने असतात. शनिवारी रात्री भरीत-कळण्याची भाकरी आणि बाराचा सामना, एवढं झोप न मोडता जमतं.

गेल्या वर्षी मी यशस्वी डावाचा नियम नववीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना वापरला. फळ्यावर वीस डाव लिहिले आणि कुठले यशस्वी ते विचारलं. ज्या पोरांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांनी दहा मिनिटांत बरोबर मोजून दिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, कबड्डीच्या चढायांचं असं काढता येईल का?” आमच्या शाळेचा संघ चांगला आहे आणि तालुक्याचे सामने जवळ आलेले. आता एक वही घातली आहे, दोन मुली मैदानाच्या कडेला बसून प्रत्येक चढाई लिहितात. सध्या अडलंय ते व्याख्येवर. नुसता बोनस गुण घेऊन परत आलेली चढाई यशस्वी धरायची का, आणि लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरच्या ‘करो या मरो’ चढाईला वेगळं माप लावायचं का, यावर वर्गात दोन तट पडलेत. मी म्हटलंय, दोन्ही पद्धतींनी दहा-दहा सामने मोजा, आणि पुढच्या सामन्याचा निकाल कुठल्या आकड्याने जास्त वेळा आधी सांगितला ते वहीत लिहून मला दाखवा.